धवल्याची दहा मिनिटं

आमच्या कात्रपच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की यंदा पावसाळी सहल काढायची, गावरान जेवण आणि लाइव्ह म्युझिकसकट. एरवी असल्या मेसेजला मी उत्तरही देत नाही. या वेळी मात्र मीच पुढे होऊन म्हणालो, जागा माझ्याकडे लागली. बारवी धरणाच्या रस्त्याला आत्येभावाचं फार्महाउस आहे, जेवण आत्याच्या हातचं.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. माझी आत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून मांडवापर्यंत बायका जे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात, ते सगळे तिला तोंडपाठ. हल्ली हळदीला डीजे येतो आणि आत्याला मान म्हणून एक साडी मिळते. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण आवाजाची नस खेटून आहे, आवाज बसू शकतो. अंबरनाथला कंपनीत मशीनचा सूर जरा बदलला तरी मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतो, आणि आत्याचा एकही धवला माझ्याकडे नव्हता. याची मला इतकी चीड आली होती की काय सांगू.

मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसलो, तर म्हणाली, "मांडव नाय, बायका नाय, नं मी एकटीच धवला बोलू? येडा झालास का रं?" खरंच आहे तिचं. धवला असा मागून मिळत नाही. भोवती चार बायका लागतात, हाताशी काहीतरी काम चालू असावं लागतं. मी म्हटलं, बायका मी आणतो.

संध्याकाळी चारला आमची बस पोचली. पाऊस असा की बसमधून पडवीपर्यंत जाताना सगळे भिजले, आणि भिजल्याचा आनंद फोटोत यायला हवा म्हणून पुन्हा बाहेर जाऊन भिजले. म्युझिकवाला उल्हासनगरच्या कॅम्प चारचा, कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आलेला. मी त्याला बाजूला घेऊन बजावलं, सहा वाजता दहा मिनिटं आत्याची, चांगला माइक ठेव, मला स्वच्छ रेकॉर्डिंग हवंय. "साहब, टेन्शन मत लो," तो म्हणाला. तिथूनच माझं टेन्शन सुरू झालं.

सहा वाजता सेक्रेटरींच्या मिसेसचं गाणं लागलं. त्यांचं झालं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना जुनी गाणी आठवली. मग जोडप्यांचा नाच. मी सेक्रेटरींना दोनदा आठवण करून दिली. "अहो, लोकगीत जेवणानंतर मस्त वाटेल," ते म्हणाले. लोकगीत म्हणे. मी दात ओठ खाऊन मान डोलावली, कारण जागा माझी आणि पाहुणे माझे.

बरं, आत्याला चुलीपुढून उठायला तरी फुरसत होती का? आषाढ असल्यामुळे कोंबडीवर सगळे तुटून पडलेले, आणि तांदळाच्या भाकऱ्या गरमच हव्यात. जो तो ओरडतोय, एक इकडे, दोन तिकडे. मी स्वतः ताटलीतून भाकऱ्या नेत होतो. प्रत्येक फेरीला आत्या विचारायची, "आता बोलाचा का?" आणि मी म्हणायचो, "थांब, माइक मोकळा होऊ दे." शेवटी सोसायटीच्या चार-पाच बायकाच भाकरी शिकायला म्हणून आत चुलीपाशी जाऊन बसल्या. मला बरं वाटलं, निदान आत्याच्या हाताला मदत.

साडेसातला लाइट गेले. स्पीकर बंद, कीबोर्ड बंद. पडवीवरच्या पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्युझिकवाल्याच्या मागे लागलो. बॅटरीवरचा स्पीकर आहे का? आहे, पण गाडीत. गाडीत बघितला, तर चार्जिंग नाही. माझं डोकंच फिरलं. सहा वाजल्यापासूनचा सगळा राग मी त्या बिचाऱ्यावर काढला. सेक्रेटरी मध्ये पडले, त्यांनाही सुनावलं. वीस मिनिटं मी पडवीत भांडत होतो, तेही एका माइकसाठी.

लाइट आले तसा मी आत धावलो. "आत्या, चल, माइक सुरू झाला."

चुलीभोवती बायका बसल्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. सेक्रेटरींच्या मिसेस डोळे पुसत होत्या, तेही मनगटाने. आत्याने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "झाला की बोलून. आख्खा बोलला."

"कुणी रेकॉर्ड केलं?" मी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोबाइल सगळ्यांचे पर्समध्ये, पर्स बाहेर खुर्च्यांवर. "हात असे होते ना," एक जण हात पुढे करून म्हणाली. "पण काय सांगू तुम्हाला, आम्ही मागून म्हणत होतो."

मी आत्याला म्हटलं, पुन्हा म्हण, फक्त एकदा. ती म्हणाली, "परत कसा बोलाचा? झाला तो झाला." मग जरा खोकली, गळ्यावरून हात फिरवला आणि मला जवळ बोलावलं. "तू आयकलास ना पण? तुझ्यासाठीच बोलली. मना वाटला, भायेर उभा हायेस."

बाहेर उभा होतोच मी. दहा पावलांवर. मी म्हटलं, "ऐकला, आत्या. सगळा ऐकला."

ऑपरेशन नीट झालं. आवाज डॉक्टर म्हणाले तसा बसला, तो अजून उठलेला नाही. परवा भेटायला गेलो, तर शेजारीण मोठ्या कौतुकाने धवल्याचं विचारत होती. आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तिचे ओठ वाचत ऐकावं लागतं आता. "याच्याकडं हाय," ती म्हणाली. "यानं आयकलाय."