दाक्षायणीची नीलव्वा

सोलापुरात रेडिओ लई घरांत असतील, पण रेडिओपेक्षा चांगलं बोलणारं माणूस एकाच घरात होतं, आणि ते घर आमचं. दाक्षायणी तिचं नाव. शाळा चौथीपर्यंत, तीही मोडत-मोडत. पण बोलायला लागली की वकील गप बसावा. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं गल्लीत जावं आणि कुठल्याही जुन्या बाईला विचारावं.

घरचा धंदा कडक भाकरीचा. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी होईस्तोवर शेकवायची. महिनाभर टिकते. दाक्षायणीची भाकरी उजेडाला धरली तर पलीकडचं माणूस ओळखू यावं, एवढी पातळ. घरात कानडी होतीच, पण कानडी मुलखाच्या शिवेवरच्या मैंदर्गीला दिल्यावर तिची कानडी अस्सल झाली. दोन वर्षांत नवरा तापानं गेला. ती परत आली, आणि सासरचं म्हणून तेवढी कानडीच बरोबर आली.

दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सांगोल्याकडची धनगरं मेंढरं विकून शहरात आलेली, ती परत गेलीच नव्हती. त्यांच्या बायका दुपारी भाकऱ्या थापायला यायच्या. दाक्षायणीच्या थोरल्या भावानं आणलेला ट्रान्झिस्टर कोनाड्यात असायचा. गल्लीतला पहिला, हे सांगायला नको. संध्याकाळी त्यावर कानडी स्टेशन लागायचं. दाक्षायणी आणि तिची आई सिद्धम्मा ऐकत बसायच्या. सिद्धम्मा जन्मभर कानडीत बोलली. मराठी तिला चार शब्दांपुरती; भराभर बोललेली कानावरनं जायची, आत उतरायची नाही. आणि धनगराच्या बायकांना कानडीचा गंध नव्हता. म्हणून संध्याकाळी ऐकलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी दाक्षायणी मराठीत सांगायची. बायका मजुरीला यायच्या असं लोक म्हणत. खरं तर त्या गोष्टीला यायच्या.

त्या सालच्या दसऱ्याआधी रेडिओवर एक नाटक लागलं. आठवडाभर, रोज संध्याकाळी थोडं थोडं. नीलव्वा नावाची पोरगी आणि बसवंत नावाचा गडी. त्यांचं विहिरीवर जमलं. बसवंत कामाला परगावी निघाला आणि जाताना म्हणाला, मी येतो, तू थांब.

दाक्षायणी नुसतं सांगायची नाही. बसवंत बोलला की आवाज जाड करायची, नीलव्वा लाजली की पिठाचा हात गालाला लावायची.

"थांब की वाईच," बजाबाई म्हणाली. ही सगळ्यांत मोठ्या तोंडाची. "त्या मेल्याला मिशा हायत का न्हायत, त्ये सांग आदी."

"रेडिओत मिशा दिसत्यात व्हय गं?"

"आमास्नी न्हाय दिसत. तुला दिसत्यात की!"

"हायत. पिळदार हायत," दाक्षायणीनं सांगून टाकलं, आणि सगळ्या तव्यावरच्या भाकऱ्या विसरून हसल्या.

बजाबाईची पोरगी मायाक्का तेवढी हसली नाही. सतरा-अठराची असेल. तिची भाकरी परातीत निम्मी थापून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी शेंदताना ती दाक्षायणीला म्हणाली, "अक्का, कुणाला सांगू नगा. त्यो सिदू हाय न्हवं, ट्रकवर डायवरच्या हाताखाली किन्नर हुता त्यो. त्योबी असंच म्हणून गेलाय. हुबळीकडं. दिवाळीच्या आत येतो म्हणालाय."

"आन् तुज्या आत्याचं काय?"

मायाक्कानं पोहरा पुन्हा खाली सोडला. आत्याचं सगळ्या गल्लीला माहीत होतं. पोर जन्मली तेव्हाच ती आत्याच्या घरची, आत्याचा लेक येडू तिचा नवरा, हे भावाबहिणीत ठरलेलं. आता त्या रविवारी आत्या, गोजाबाई, कुंकू लावायला येणार होती. भावकीसमोर पोरीच्या कपाळाला कुंकू टेकलं की ती दिल्यात जमा. आणि बहिणीनं हक्कानं मागितलेली पोर नाही म्हणायची, असं त्यांच्यात कुणी आजवर केलेलं नव्हतं.

"येडू गरीब गडी हाय," दाक्षायणी म्हणाली. "सोन्यावानी सांभाळंल तुला."

"व्हय. पर नीलव्वा थांबलीया न्हवं?"

दाक्षायणीला तेव्हाच उमगलं की ही पोर नाटक ऐकत नाही, कौल लावून बसली आहे.

गुरुवारच्या भागात नीलव्वाला बातमी आली की बसवंतानं तिकडंच लग्न केलं. दाक्षायणीनं ते सांगितलं तेव्हा बजाबाईनं बसवंताच्या सात पिढ्या काढल्या. मायाक्का म्हणाली, "बातमी खरी हाय कशावरनं?" आणि चुलीत फुंकत राहिली. धूर नव्हता, तरी डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवारी शेवटचा भाग. बातमी खरी निघाली. नीलव्वा ज्या विहिरीवर पाणी भरायची त्याच विहिरीत गेली. सिद्धम्मानं पदर डोळ्यांना लावला, पोरगी हळहळ वाटावी अशीच होती. दाक्षायणी मात्र रडली नाही, जेवलीही नाही. तिच्यापुढं दुसरीच पोर उभी होती.

शनिवारी दुपारी बायका लवकर आल्या. पीठ मळलं, चुली पेटल्या, पण हात कुणाचा चालेना.

"सांग बाई एकदाचं," बजाबाई म्हणाली. "आला का त्यो मुडदा?"

दाक्षायणीनं तोंड उघडलं. समोर मायाक्का बसली होती. ओठ मिटलेले, मान जरा पुढं, फाशीचा निकाल ऐकावा तशी.

"आला," दाक्षायणी म्हणाली.

"आन् त्ये लगीन?"

"कसलं लगीन? जळकी माणसं. त्यांनी उठवली हुती बातमी. नीलव्वा एकटीच न्हाय म्हणत राहिली, आन् तिचंच खरं निघालं. यष्टीतनं उतरला, सरळ तिच्या दारात."

मग तिनं असा बसवंत उभा केला, अशी नीलव्वा रडवली, की रेडिओवाल्यांनी येऊन शिकावं. बायकांनी पदर तोंडाला लावले. बजाबाई स्वतः म्हणाली, "बरं झालं गं माय, पोरीच्या जिवाचं सोनं झालं."

कुणी म्हणेल, दाक्षायणी खोटं बोलली. खोटं कसलं? चांगली पोरगी विहिरीत ढकलायची आणि त्याला नाटक म्हणायचं, हे त्या स्टेशनवाल्यांना शोभलं. आमच्या दाक्षायणीनं तिला काठावरनं मागं ओढली. ज्याच्यात माया आहे तो दुसरं काय करील? पण मायेनं केलेलं प्रत्येक काम मायेसारखं फळत नाही. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

रविवारी बजाबाईच्या खोलीपुढं घोंगडी अंथरली. भावकी बसली. येडू धुतलेला सदरा घालून खाली मान घालून बसला होता. गोजाबाईनं कुंकवात बोट बुडवलं आणि भाचीच्या कपाळाकडं नेलं. मायाक्कानं आपला तळहात कपाळावर आडवा धरला.

"हात काढ गं," गोजाबाई हसून म्हणाली. तिला वाटलं, पोर लाजली.

"न्हाय आत्या."

"काय न्हाय?"

"मला न्हाय लावायचं. मी थांबलीया."

गोजाबाईनं बोटाचं कुंकू स्वतःच्याच लुगड्याला पुसलं. भावाला, मायाक्काच्या बापाला, म्हणाली, "दादा, भाऊ म्हणून आलते. आता तुज्या दारात पाणीबी पिणार न्हाय." येडू उठला, कुणाकडं न बघता आईच्या मागं चालू लागला. ती सगळी गेल्यावर बजाबाईनं पोरीला हाताला येईल त्यानं मारलं. सिदूचं नाव तेव्हाच बाहेर पडलं.

दिवाळी आली, गेली. सिदू आला नाही. ट्रकवाल्यांकडनं कळलं की त्यानं हुबळीत एका खानावळवाल्याची पोरगी केली. बजाबाई छाती बडवत घरी आली आणि पोरगी तिच्याकडं बघून चक्क हसली.

"नीलव्वालाबी असंच सांगितलं हुतं की लोकांनी."

दाक्षायणीनं हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी फाटली. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिलाही कळत होतं. पण मायाक्का रोज दुपारी जवळ सरकून बसायची. "अक्का, त्यो आल्यावर फुडं काय झालं?" आणि तिच्या तोंडाकडं बघितलं की दाक्षायणीच्या तोंडातनं वेगळंच यायचं. रेडिओवर नाटक संपून गेलं होतं. हिच्या चुलीपुढं ते चालूच राहिलं. नीलव्वाचं लग्न लागलं. तिनं घर बांधलं, परसात शेवगा लावला. संक्रांतीच्या सुमाराला तिला मुलगा झाला. सांगताना दाक्षायणी पहिल्यासारखी रंगायची नाही. भराभरा सांगायची, मागं कुणी लागल्यागत.

एके दिवशी सिद्धम्मा चुलीजवळ शेंगा फोडत बसली होती. मायाक्का कौतुकानं तिला हातवारे करून म्हणाली, "आजी, नीलव्वाला पोरगा झाला बघा."

सिद्धम्मानं भुवया वर केल्या. मोडक्या मराठीत म्हणाली, "कुठली नीलव्वा? रेडिओची? ती हिरीत मेली की गं."

मायाक्कानं दाक्षायणीकडं बघितलं. "व्हय?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. दाक्षायणीनं ती उलटली नाही.

"व्हय."

"कवा?"

"शेवटच्या दिशी. शुक्रवारी."

"म्हंजे आत्या यायच्या आदीच."

"व्हय, माये."

मायाक्कानं परातीतलं पीठ एका जागी गोळा केलं, त्यावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि गेली.

संध्याकाळी बजाबाई दारात आली आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "तुमी लोकांनी माजी पोर खाल्ली! आत्याचं घर तुटलं, आता कोण उभं करंल तिला?" घरातली माणसं उत्तर द्यायला उठली, आमच्या दारात येऊन कुणी असं बोलून जावं, असं ते घर नव्हतं. पण दाक्षायणी आडवी आली. "बोलू द्या तिला," एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून सगळं ऐकून घेतलं.

कुंकू नाकारलेली पोर म्हणून भावकीत कुणी तिला विचारीना. येडूचं त्याच चैत्रात दुसरीकडं झालं. शेवटी वैरागकडचा एक बिजवर मिळाला. पहिलीची तीन पोरं घरात, माणूस बापाच्या वयाचा. लग्न तिकडंच, चार माणसांत उरकून घ्यायचं ठरलं.

निघायच्या दिवशी मायाक्का आली. नवं लुगडं अंगाला बसत नव्हतं. चुलीपुढं आपल्या नेहमीच्या जागी बसली.

"अक्का, नीलव्वाचं सांगा की."

"कुठलं आता, माये?"

"पोरगा झाला, तितवर आलं हुतं."

"तुला ठावं हाय की सगळं."

"ठावं हाय. तरीबी सांगा. तितं मला कोण सांगणार हाय?"

दाक्षायणीनं हातातलं पीठ झटकलं. बसवंताचा जाड आवाज काढायला घसा खाकरला. "बसवंत..." म्हणाली, आणि अडकली. पुन्हा म्हणाली, "बसवंत तवा..." तिच्या तोंडाला शब्द कमी पडलेले त्या घरानं कधी पाहिले नव्हते.

बाहेरनं बजाबाईची हाक आली, "चल गं, यष्टी चुकंल!"

मायाक्का आणखी थोडी थांबली. मग उठली, पदर सावरला आणि गेली.

भाकऱ्या थापायला दुसऱ्या बायका येत राहिल्या. एकदा त्यांतली केराबाई म्हणाली, "बाई, काल काय लागलं हुतं वो रेडिओला?"

"काय न्हाय," दाक्षायणी म्हणाली. "बाजारभाव."