बच्छावच्या फ्लॉप्या

बच्छावकडून फ्लॉपी परत आली की ती ओली असायची. फ्लॉप्यांचा डबा चाळताना तो बोट जिभेला लावायचा, आणि गालात सकाळपासून तंबाखूचा बार असायचा. मी ती रुमालाने पुसून घ्यायचो. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो, पण इथे लिहिताना अहो-जाहो करावं असं मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकात कॉलेज रोडच्या मागे, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमचं ऑफिस होतं. शाळा-कॉलेजांच्या निकालांचे प्रोग्राम आम्ही फॉक्सप्रोमध्ये करायचो. इंटरनेट कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणाला एखादी युक्ती साधली, जन्मतारखेवरून वय काढायची म्हणा, की त्या दहा-वीस ओळी फ्लॉपीवर घालून इतरांना द्यायची पद्धत होती. वर लिहिणाऱ्याचं नाव असायचं. तेवढाच त्याचा मानपान.

बच्छाव सटाण्याकडचा, आमच्यात सगळ्यात जुना. कुणाच्या स्क्रीनवर काही चांगलं दिसलं की खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. "हे दे बरं माझ्या फ्लॉपीवर." नेलं की आधी वरचं नाव पुसून स्वतःचं घालायचा. मागितलं तर तोही द्यायचा, नाही कधी म्हणायचा नाही. फक्त देताना मधली एखादी ओळ काढून ठेवायचा. प्रोग्राम चालायचा आणि कुठेतरी दगा द्यायचा. मग माणूस हात जोडत त्याच्या टेबलाशी जायचा. एकदा मी विचारलंच, तर चुना मळत म्हणाला, "आख्खी भाकर कोणाला देऊ नाही, भाऊ. पोट भरलं की माणूस वळख विसरतो." तो हसला. मीही हसलो, याची आता लाज वाटते.

वैशाली पंचवटीतून सायकलवर यायची. नवी होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. वडिलांची नोकरी गेलेली, घर तिच्यावर होतं. माझंही कायम होणं अडलेलं होतं, आणि शिफारस बच्छाव करणार होता. एका कॉलेजच्या निकालात ग्रेस मार्क घालून तिला यादी काढायची होती. तिने बच्छावकडून त्यासाठीचा कोडचा तुकडा घेतला. चाचणीला दहा नावांवर तो बिनचूक चालला. कॉलेजात यादी लागली, आणि पास व्हायला हवी होती अशी चौदा मुलं नापास निघाली.

ऑफिसचे मालक, आमचे साहेब, तिच्यावर ओरडत होते. मी तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. वर नाव बच्छावचं, पण कोड माझा होता. यादी मार्कांच्या चढत्या क्रमाने लावलेली असताना मार्क वाढवले, की ते नाव उडी मारून पुढे जातं, प्रोग्राम त्याच्यामागे जातो आणि मधली नावं राहून जातात. म्हणून सुरुवातीलाच क्रम बंद करायची ओळ मी घातली होती. ती तिथे नव्हती.

"सरांनी दिलं तसंच वापरलंय मी," वैशाली म्हणाली.

"माझ्याकडचं बरोबर शे, साहेब. हिनेच काहीतरी खोडलं असंल." बच्छावने बोट ओलं केलं, डब्यातून आपली फ्लॉपी काढली आणि लावून दाखवली. तिच्यात ती ओळ होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं रे?"

"मी नीट पाहिलेलं नाही, साहेब."

संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सायकलचं कुलूप काढताना तिने मला विचारलं, "मी काही खोडलं नव्हतं रे. तुला माहीत होतं का काही?" मी नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला.

पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. पत्र हातात देताना बच्छावने पाठीवर थाप मारली. "तू आपला माणूस शे." इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नसेल, आणि ती नुसती त्याची नव्हती.

दहाएक वर्षांनी तो वारला. ऑफिसात शोकसभा झाली. जो तो उठून सांगत होता, सर किती दिलदार, मागेल त्याला द्यायचे. मग मला उभं केलं. समोर त्याची बायको डोळे पुसत बसली होती. खरं बोलायची ती शेवटची संधी होती.

"मी सरांच्या हाताखाली तयार झालो," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. ते तरी खोटं नव्हतं.