पिवळं फुटू देऊ नको

ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही अशावर जीव लावणारी बाई जगात एकच असेल, तर त्या आमच्या मॅडम. साताऱ्याच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचे. एस.टी.त बसल्या की ड्रायव्हर-कंडक्टर सोडून, सकाळी गाडी कुणी धुतली ते विचारायच्या. आष्ट्याला भाचीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि थेट मांडवामागं जाऊन, भाताचं पाणी कुणी मोजलं ते शोधू लागल्या. आचारी घाबरून म्हणाला, "आवं ताई, कच्चा ऱ्हायला का?" लग्नाच्या एकाही फोटोत मॅडम नाहीत.

संशोधनही तसलंच. अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो आणि त्यातली चरबी कातरणारी एन्झाइमं असतात, फॉस्फोलायपेज नावाची. हे नाव मी त्यांच्या कपाटावरच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलंय. या घराण्यातली सापाच्या, मधमाशीच्या विषातली मंडळी नावाजलेली. मॅडमना ओढ मागं राहिलेल्यांची. कुणी आतड्यात, कुणी कातडीत, कुणी केसाच्या मुळाशी गप काम करणारं. कोबीतही एक आहे म्हणून बाजारात कोबीच्या ढिगापुढं त्या अशा उभ्या राहायच्या, की भाजीवाली म्हणायची, "घेनार हाय का नुसतं दर्शन?"

अडचण एकच होती. मॅडम जैन, अंड्याला हात लावत नसत, आणि प्रयोगाला लागायचं अंड्याचं पिवळं. ते पांढऱ्यापासून अख्खं वेगळं काढायचं, मग कालवून काचेच्या बशीत थिजवायचं, त्यावर एन्झाइमचा थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती पांढरट रिंगण उमटलं, की समजायचं, कामगार जागा आहे. अंडी फोडायचं काम माझं. मॅडम दारात पाठमोऱ्या उभ्या राहायच्या.

"फुटलं का गं शालन?"

"घेतेय फोडायला."

"पिवळं फुटू देऊ नको. वास यायला लागला बघ."

"आवं मॅडम, अंडं अजून टोपलीतच हाय."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझा उजवा डोळा दुधाळ झाला. मी बोलले नाही. दिसत नाही म्हटलं तर काम जाईल, आणि ऑपरेशनची भीती तर त्याहून मोठी. मग एका सकाळी लागोपाठ तीन पिवळी फुटली. मॅडम नाकाला पदर लावून पहिल्यांदाच त्या टेबलापाशी आल्या आणि माझ्या डोळ्यात बघत राहिल्या.

खिडकीबाहेर किल्ल्यावर ढग टेकले होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "डोळ्यातल्या भिंगाची पेशी नवी असते तेव्हा तिच्यात सगळा संसार असतो. चूल, जातं, फडताळ. मग आपल्याच घराण्यातलं एक फॉस्फोलायपेज येतं, त्या सामानाचे पडदे उसवतं. सामान विरून जातं, घर रिकामं होतं, आणि उजेड आरपार जातो. मासा आणि उंदरात लोकांनी बघितलंय हे."

"मग माझा कामगार कुटं गेला?"

"त्यानं त्याचं काम केलंय. हा मोतीबिंदू वयाचा. त्याला बोल लावू नको."

ऑपरेशनच्या टेबलावर मी तेच बघत होते. सारवलेलं रिकामं घर, आणि त्यातून सावकाश चालत जाणारा उजेड. भीती कुठं विरली कळलं नाही. बाहेर मॅडम, डॉक्टरांची हत्यारं कोण उकळतं, याची चौकशी करत होत्या.

पंधरा दिवसांनी काळा चष्मा लावून कामावर गेले. टेबलाखालच्या डब्यात टरफलांचा नुसता भुगा. इतकी वाईट फोडलेली अंडी मी जन्मात बघितली नव्हती. बशीत पिवळं-पांढरं एक झालेलं, तरी दोन ठिकाणी रिंगण उमटलेलं.

"कुणी फोडली वं?"

मॅडम माझ्याकडं पाठ करून हात धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या. "तुझ्या जागी दुसरी ठेवा म्हणत होते ऑफिसातले. ती आली असती तर गेली नसती." त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच बंद राहिला.

आता त्या सांगलीला असतात. नव्या सरांना अंड्याचं काही वाटत नाही, ते शेजारीच उभे असतात. तरी पिवळं अख्खं वाटीत उतरलं, की मी दाराकडं तोंड करून हळूच सांगते, न्हाई फुटलं.