खालची आग, वरची माती

मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर फ्रिज दुरुस्त करणारे वीरभद्रप्पा रागावले की आधी नाकातून ‘हं’ करतात, मग पान्हा आपटतात, मग बोलतात. त्या आठवड्यात पान्ह्याला उसंत नव्हती.

जमिनीचं चुंबकत्व मोजणारे दोन साहेब आले होते. काठीला यंत्र लावून त्यांनी शेतं पालथी घातली. चहा पिताना त्यातला बारका म्हणाला, ‘‘तीस-चाळीस किलोमीटर खाली इतकी उष्णता असते, की दगडाचं चुंबकत्वच जातं. ते कुठवर टिकतं, हे आम्ही वरून मोजतो.’’ एवढंच. पण शेजारी बियाण्याचे व्यापारी श्रीपतराव बसले होते. घसा खाकरत ते गावभर सांगत सुटले, ‘‘खाली आग लागलीया! चुंबक सुटलं म्हंजे पकड सुटली. भूकंप येणार बघा!’’

ते ऐकून वीरभद्रप्पांची ऐंशी वर्षांची आई सिद्धव्वा घर सोडून अंगणापलीकडच्या दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन बसली. एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली.

‘‘अव्वा, घरात चल.’’

‘‘न्हाई.’’

‘‘कामून न्हाई? त्या श्रीपतरावाच्या...’’ पुढचे शब्द कन्नडात होते.

त्यांनी श्रीपतरावांना बकोटीला धरून दुकानात आणलं. स्टुलावर स्पीकरचं जुनं चुंबक ठेवलं. तारेला टांगलेला खिळा त्याच्याकडे तिरका ओढला गेला. गॅसच्या ज्योतीनं खिळा लालभडक झाला, तसा तो सुटून सरळ लोंबू लागला.

‘‘सुटली पकड! खिळा फुटला? स्टूल हाललं? तापलं की लोखंड चुंबकाला ओळख देईना, इतकंच. दगडाचंबी तसंच. अन् ती उष्णता काय आज आलीया व्हय? तुमचा पणजा जन्मायच्या लाखो वर्षं आधीपासून हाय!’’

खिळा गार होताच पुन्हा चुंबकाकडे वळला. श्रीपतराव ‘‘मी आपलं ऐकलेलं सांगितलं’’ म्हणत सटकले.

‘‘आता चल, अव्वा.’’

सिद्धव्वा हलली नाही. ‘‘खालचं कळलं रे मला. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी बहीण यल्लम्मा आगीनं मेली का? डोईवर मातीचं माळवद पडलं तिच्या. आपल्या छतावर कमरेइतकी माती हाय. सात वर्षं म्हणायलेय, माती काढ, पत्रे टाक. तू मातर दरसाल गळायलं की आणखी माती घालायलास!’’

वीरभद्रप्पा जास्तच भडकले. खोरं घेऊन घराच्या छतावर शिडीनं चढले. पहिला ढिगारा धाडकन अंगणात आला. धुळीतून आवाज आला, ‘‘कुणी घातली एवढी?’’

‘‘तूच!’’ खालून सिद्धव्वा ओरडली. ‘‘अन् हळू टाक, शेजाऱ्यांचे कपडे वाळायलेत!’’