कसके छोड दो

माझ्या पहिल्या नोकरीचा विषय निघाला की मला शाळा आठवत नाही, ट्रकचं पुढचं चाक आठवतं. आणि अजूनही कपाळावर आठी चढते.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, माळव्यात मध्यभारत राज्याचे दिवस होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि आमचे बाबा सुभेदारीवरून घरी बसले. स्वस्थ बसतील तर शपथ! महूला लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, तिथून एक ट्रक उचलून आणला. इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून सांगत. परदेशीपुऱ्यातल्या कापडगिरण्यांच्या गाठी वाहीन म्हणाले होते. वाहायचा तो कधीमधी. एरवी अंगणात उभा राहून आईच्या वाळवणाचं ऊन अडवायचा.

अशात मला हातोद गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा मिळाली, राहायचंही तिथंच. सोमवारी शाळा भरायच्या वेळी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना देऊ, असं हेडबाईंनी बजावलं होतं. आमच्या घरातून नोकरीला निघणारी मी पहिलीच. आत्यांनी नाकं मुरडली. बाबांचं बरेच दिवस "बघू, बघू" चाललं होतं. शेवटी हो म्हणाले, पण अट घातलीच.

"बसबिस काही नाही. मी स्वतः सोडीन तुला. ट्रकनं."

आता बोला! हातोदची बस आमच्या नाक्यावरून जायची. पण सांगणार कोण?

शनिवारी ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली. बेअरिंग गेलं. रविवारी सकाळीच बाबांनी जॅक लावून चाक उतरवलं आणि अंगणभर पसारा मांडला. साध्या ट्रकच्या पुढच्या चाकाला एवढी भानगड नसते. याच्या चाकात मधोमध इंजिनाचा जोर आणणारा दांडा. आधी त्याच्यावरची टोपी काढा, मग आत एकावर एक दोन मोठे नट, त्यांच्यामध्ये कान दुमडलेलं वॉशर. छिन्नी-हातोडीनं ते नट हलले तेव्हा बाबांच्या बोटाचं साल निघालं आणि तोंडातून फौजेतल्या अस्सल शिव्या बाहेर पडल्या. आई कानांवर हात ठेवून आत गेली. मी मात्र अडकले. "पाना दे. हा नाही गं, तो! तो नाही, मोठा!" माझी पेटी भरायची तशीच पडली होती. घासलेटमध्ये सुटे भाग धुवायला बाबांनी आईची कणकेची परात नेली. विचारून? छे!

खोटं कशाला बोलू, काम मन लावून केलं त्यांनी. जुन्या बेअरिंगच्या कड्या ठोकून काढल्या, नव्याच्या नीट बसवल्या, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या फटीफटीत दाबून भरलं. अडलं ते अगदी शेवटी. नट आवळायचा, पण किती?

तेवढ्यात समोरून आमचे शेजारी सायकलवर चालले होते. इथलेच, माळव्यातले, फौजेत ट्रक हाकलेले. तोंडात पान आणि सदा घाई. सगळे त्यांना भिया, म्हणजे भैया, म्हणायचे. बाबांनी ओरडून विचारलं, "भिया, ये नट कित्ता कसना?"

पाय न टेकताच त्यांनी उत्तर फेकलं, "अरे सुभेदारसाब, कसके छोड दो!" आणि गेलेसुद्धा.

झालं! बाबांनी पान्याला लांब पाइप लावला आणि "कसके, कसके" म्हणत अंगातलं सगळं बळ खर्च केलं. मग हात झटकून म्हणाले, "आवळला. दिला सोडून." चाक हातानं फिरवलं तर जेमतेम हललं.

"बाबा, हे जड फिरतंय."

"नवं आहे. तुला काय कळतं त्यातलं?"

सोमवारी पहाटे निघालो. बाबा चालवायला, मधे आई, कडेला मी, मागे माझी पेटी. बिजासनीची टेकडी मागे पडली, आणि जळका वास आला. मग चाकातून धूर. बाबांनी उतरून पाणी टाकलं, ते तव्यावर टाकल्यासारखं चर्रकन उडालं. नवं बेअरिंग भाजून निघालं होतं.

माझा तोल सुटला. "पाठवायचंच नव्हतं मला, तर सरळ सांगायचं होतं ना! हा तमाशा कशाला?"

आईनं शांतपणे विचारलं, "अहो, ते भिया नेमकं काय म्हणाले होते?"

"कसके छोड दो."

"मग?"

"मग काय! आवळला आणि दिला सोडून."

आईनं कपाळावर हात मारला. ती रोज भाजीवालीशी हिंदीत हुज्जत घालणारी. "अहो, आधी आवळा आणि मग जरा सैल सोडा, असं म्हणाले ते! तुम्ही आवळून तसाच ठेवून दिलात. जात्याचा खुंटा इतका ठोकला तर जातं फिरेल का?"

"मग त्यानं नीट मराठीत सांगायचं!"

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

मागून धूळ उडवत हातोदची बस आली. "थांब, आत्ता सैल करतो," म्हणत बाबा ग्रीसनं बरबटलेल्या हत्यारांत पाना शोधू लागले. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला.

बस थांबली. बाबांनी पाना खाली ठेवला, पेटी स्वतः टपावर चढवली, मला खिडकीशी बसवलं आणि बाहेरून खिडकीची दांडी धरून उभे राहिले. आतून कडी लावत जा. पाणी उकळून पी. पत्र टाक. संपेचना. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, बाबा हलले नाहीत. शेवटी क्लीनर पत्र्यावर थाप मारून ओरडला, "बाबूजी, अब छोड दो!"

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग दांडी सोडली.

वेळेत पोचले. हेडबाईंनी हजेरी घेण्याआधी माझ्या नव्या पातळाकडे पाहिलं. दांडीवरचं काळं ग्रीस पदराला भरलं होतं.

"हे काय लावून आलात?"

"वडील सोडायला आले होते," मी म्हटलं.