खडपावर टाकलेला नांगर

हे मी अकरा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. कसं सांगणार होते?

मी वसईजवळच्या पापडीची, वाडीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे केळी नि पानवेलींतलं सगळ्यांना कळायचं, समुद्रातलं कुणाला नाही. तरी मी समुद्री जिवांचा अभ्यास केला आणि एका संस्थेसाठी वसईसमोरच्या पाण्याखालच्या खडकांची पाहणी करू लागले. तिथलं एक खडप मला पास्कूकाकांनी दाखवलं. काका किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातले. अशा जागा कोळी परक्याला दाखवत नाहीत. काकांनी दाखवली — वर धाकट्या भावाकडून, सांतानकडून, तिथे जाळं न टाकण्याचा शब्दही घेतला.

खाली हातपंख्यासारखी पसरलेली केशरी पोवळी होती. फार सावकाश वाढणारी, धक्क्यानं मोडणारी. काका दर वेळी बजावायचे, "नांगर खडपावर नको टाकू गो, पुढं वाळूत टाक."

एकदा ते आजारी होते. मी दुसऱ्या गावची बोट घेतली. सोबतीच्या पाणबुड्याशिवाय खाली उतरू नये हा नियम मोडून एकटीच निघाले. पाण्याला ओढ होती, बोट सरकत होती. तांडेलानं विचारलं, "नांगर कुठं?" मी म्हटलं, "इथेच."

खाली गेले तर — पोवळ्यांचा अख्खा पट्टा मोडून पडला होता. मध्ये आमचा नांगर.

मी फोटो काढले. आणि अहवालात काय लिहिलं? 'जाळ्यांमुळे नुकसान.'

कोळ्यांच्या सोसायटीत तो अहवाल वाचला गेला. ती जागा काकांखेरीज सांतानलाच नीट ठाऊक होती; सगळे त्याच्याकडे बघू लागले. काकांनी चारचौघांत विचारलं, "खरं सांग, तू टाकलंस जालं?"

"देवाची आन, दादूस, मी नाय."

काकांनी माझ्याकडे हात केला. "मंग ही पोरगी खोटं कशाला लिवेल?"

मी तिथेच बसले होते. एक शब्द — एक शब्द पुरला असता. मी खाली मान घातली.

भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. सांताननं मासेमारी सोडली, नायगावच्या एका टॉवरवर वॉचमन झाला. त्यांच्या आईच्या मातीला मी गेले होते. दोघं शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते. तेव्हाही मी गप्पच.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या खडपावर उतरले. मोडलेल्या खुंटांवर काहीच उगवलेलं नव्हतं. वर आले ती ओल्या केसांनी तशीच काकांच्या अंगणात गेले. ते जाळं विणत होते. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जालं नव्हतं?"

"नव्हतं, काका. माझा नांगर होता."

ते उठले. आतून सदरा घालून आले, बटणं लावता लावता म्हणाले, "नायगावची रिक्षा कुठं मिलते?"

"मी येते बरोबर."

"तू नको येऊस."

भाऊ-भाऊ काय बोलले, मला माहीत नाही. विचारायचा हक्क माझा नाही. त्यानंतर मी सोसायटीत उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, संस्थेला पत्र लिहिलं. संस्थेनं मला पाहणीच्या कामावरून काढलं. योग्यच केलं.

आणि तरी, खरं सांगू? सोसायटीत सांगून त्या दिवशी घरी आले आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले.