सोळा दारांची परवानगी

बातमी आली तेव्हा मी एका कचेरीच्या आवक खिडकीसमोर उभा राहून भांडत होतो. आमच्या रस्त्यावरील उघड्या गटाराविषयीचे माझे तिसरे स्मरणपत्र स्वीकारण्यास खिडकीतील गृहस्थ तयार होते, परंतु माझ्याजवळच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का उमटवण्यास तयार नव्हते. "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब जेवायला गेलेत," हे त्यांचे उत्तर. कार्यालयाचा शिक्का साहेबांच्या भुकेवर अवलंबून असतो काय, असे मी विचारीत असतानाच फोन वाजला. मार्थावहिनी होत्या. आवाज अगदी शांत. "भाऊ, हे गेले. चहा घेतला, खुर्चीत टेकले आणि गेले... तुम्ही या." मी दोन्ही प्रती खिडकीतच सोडून निघालो. चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात पोच न घेता परत फिरण्याचा हा पहिलाच प्रसंग. रिक्षात बसल्यावर मनात आले, हे दाविदला सांगितले पाहिजे, तो पोट धरून हसेल. मग लक्षात आले, की आता ते सांगायचे कोणाला...

दाविद साळवे हा माझा शेजारी. मूळचा नगर जिल्ह्यातला, मराठी ख्रिस्ती घराण्यातला. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्याची सारी नोकरी झाली. मी एका खासगी कंपनीच्या विधी विभागात लेखनिक होतो. वकील नव्हे, तरीही तो मला अखेरपर्यंत 'वकील' म्हणत राहिला. निवृत्तीनंतर तो पालेगावच्या बाजूला आमच्या इमारतीत राहायला आला आणि त्याच डिसेंबरात त्याने पहिल्या मजल्यावरील आपल्या गॅलरीतून एक लांबलचक बांबू बाहेर काढून त्याच्या टोकाला कामट्यांची, पतंगाच्या कागदाची, आत दिवा लावलेली भलीमोठी चांदणी टांगली. बांबू थेट जाण्यायेण्याच्या वाटेवर. खालून जाणाऱ्यांच्या डोक्यास धोका संभवतो, सबब तो तात्काळ काढावा, असे दोन परिच्छेदांचे पत्र मी त्याच्या दाराखालून आत सरकवले. त्याच संध्याकाळी तो एका हातात माझे पत्र आणि दुसऱ्या हातात करंज्यांची ताटली घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"तुम्ही बांबू अंदाजे सहा फूट लिहिलाय," तो म्हणाला. "मी मोजला. सात आहे. तक्रार करायची तर पक्की करा."

मी त्याला आत बोलावले. "नाही, तुम्हीच चला. दोरी आवळायची आहे, शिडी धरायला माणूस पाहिजे. तक्रारदाराइतका सावध माणूस मला दुसरा कुठे मिळणार?"

मी शिडी धरली. त्या फिटरने तो बांबू गजांना असा काही जखडला, की माझ्या पत्रातील धोका त्याच क्षणी निकाली निघाला. ताटली मी दुसऱ्या दिवशी परत केली आणि त्यानंतर त्या घरात माझे जाणे-येणे कधी थांबले नाही.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. दाविदने मैत्रीच्या दुसऱ्याच वर्षी फर्मान काढले, की या काळात मी एकही तक्रारअर्ज पाठवायचा नाही. "लिहायचं तेवढं लिही. लिहिल्याशिवाय तुझं जेवण जिरत नाही, ते मला ठाऊक आहे. पण टाकू नकोस. माझ्याकडे आणून दे." मी लिहीत असे आणि ती पत्रे त्याच्या बायबलखाली साठत. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आम्ही ती एकेक करून वाचायचो. एका वर्षी अकरांपैकी चारच उरली. काही खड्डे दरम्यान बुजले होते, एकाची मोटारसायकल जिन्याखालून हलली होती आणि दोन पत्रांत मी एवढा का संतापलो होतो ते आम्हा दोघांनाही आठवेना. उरलेल्या चारांबाबत मी माघार घेतली नाही आणि त्यानेही ती घ्यायला लावली नाही. फक्त पेन्सिल घेऊन बसायचा. "'निर्लज्ज' काढ. त्या शब्दाने नळाला पाणी येत नाही." मी तो शब्द काढीत असे, माझे मत मात्र कायम राही. आजही कायम आहे.

त्या चार आठवड्यांतले रविवार म्हणजे त्याच्या घरी फराळाचे दिवस. आपल्याकडे दिवाळीत होते तेच सारे मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला होते: करंज्या, चकल्या, अनारसे, शंकरपाळे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कापडाचे दुकान असलेले आमचे सिंधी स्नेही किशनभाई रविवारी दुपारी दोन रिक्षा बदलून मदतीला येत, म्हणजे खायला येत. वहिनी लाटणार, दाविद सारण भरणार आणि कातणीने कडा कापायचे काम माझ्याकडे. दाविद सारण एवढे कोंबायचा, की त्याच्या करंज्या तेलात तोंड उघडत. माझ्या करंज्या मात्र एका मापाच्या आणि घट्ट मिटलेल्या. किशनभाई त्यातली एक उचलून उजेडात धरायचे. "वकीलसाब, ये करंजी है के सीलबंद लिफाफा? खोलायला ऑर्डर लागते का?" वहिनींनी एकदा हसू आवरत निर्णय दिला, की फुटलेल्या करंज्या ज्याच्या त्याने खायच्या. त्यानंतर दाविद मुद्दामच अधिक सारण भरू लागला, असा माझा आरोप आहे. तो त्याने कधी नाकारला नाही.

गेल्या डिसेंबरात तो आजारी होता. हृदय थकले होते. डॉक्टरांनी जिना उतरायलाही मनाई केली होती. त्याच्या चर्चची मंडळी या दिवसांत घरोघरी जाऊन नाताळची गाणी गातात. दाविदचे घर त्यांच्या फेरीतले शेवटचे, आणि तीसेक माणसे दिवाणखान्यात मावणार कशी, म्हणून दरवर्षी ती आमच्या आवारात गोल करून पेटी-ढोलकीवर गात. मधोमध उभा राहून दाविद टाळ्या वाजवी, सगळ्या बेताल. या वेळी सारण भरता भरता तो म्हणाला, "यंदा चर्चला जाणं होणार नाही. पण गाणी खाली होऊ देत. मी गॅलरीतून ऐकेन. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?" तो हसतच बोलला, पण वहिनींचे लाटणे थांबलेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे मला फाटकापाशी भेटले. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांची भातशेती होती. गाण्यांच्या कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते.

"काका, साळव्यांच्या गान्याचा अर्ज कवा दिला?"

"कसला अर्ज?"

त्यांनी सूचनाफलकाकडे बोट दाखवले. काचेमागे नियम लावलेला होता: आवारात पाचांहून अधिक व्यक्तींचा कोणताही कार्यक्रम करावयाचा झाल्यास पंधरा दिवस आधी लेखी अर्ज आणि सर्व सदनिकाधारकांची लेखी संमती आवश्यक. त्याची भाषा निर्दोष होती. ती माझीच होती. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरील पवारबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाला आवारात लावलेल्या ध्वनिक्षेपकाने माझ्या खिडकीच्या काचा थरथरल्या, तेव्हा मी भर कार्यक्रमात निषेधपत्र पाठवले होते आणि पुढच्या सभेत हा नियम बहुमताने मंजूर करून घेतला होता. त्या दिवशी मी फार समाधानाने घरी आलो होतो.

"नियम तुमचाच हाय, काका," म्हात्रे म्हणाले. "माझा बापूस असता तं त्यानं गानारांना आंगनात बसवून जेवू घातला असता. पन पवारबाई विचारतात, आमच्या पोरीचा वाढदिवस बंद पाडला, मग यांना सूट कशी? सगल्यांची संमती आना, पंधरा दिवसांचा मी बघतो."

पवारबाईंचा युक्तिवाद बिनतोड होता, हे मला मान्य करावे लागले. मी रात्रभर त्या नियमात पळवाट शोधली आणि स्वतःच्याच मसुद्याच्या पक्केपणाने हैराण झालो. सकाळी दाविदला सुचवले, की पाच-पाच जणांनी पाळीपाळीने गायल्यास नियमभंग होणार नाही. तो खोकला येईपर्यंत हसला.

"अरे, गाणं आहे ते, रेशनची रांग नव्हे! जा, लोकांची दारं वाजव आणि विचार."

"मी आधी सर्वांना एक परिपत्रक..."

"पत्र नाही. तू. स्वतः."

आमच्या इमारतीत अठरा सदनिका. त्याची आणि माझी वगळता दारे सोळा. इतकी वर्षे या लोकांत राहून बहुतेकांना मी पत्रांतूनच ओळखत होतो: गळणारी मोरी, जिन्यातील चपला, वरून टपकणारे ओले कपडे. पहिल्याच दारात गृहस्थांनी मला पाहताच विचारले, "आता काय केलं आम्ही?" दुसऱ्यांनी पत्रासाठी हात पुढे केला. पत्र नाही, विनंती करायला आलो आहे, असे सांगितल्यावर ते आत वळून ओरडले, "अगं, काका बिनपत्राचे आलेत! चहा टाक!" दोन संध्याकाळी मी नऊ घरांतला चहा प्यालो आणि पंधरा सह्या मिळवल्या. साळव्यांसाठी म्हटल्यावर कोणी नियम विचारलाच नाही. प्रत्येकाला त्याने कधी ना कधी काहीतरी दुरुस्त करून दिलेले होते.

सोळावे दार पवारबाईंचे. त्यांनी मला आत बोलावले नाही.

"दार वाजवून सांगितलं असतं, तर मी लगेच आवाज कमी केला असता," त्या म्हणाल्या. "तुम्ही पत्र पाठवलंत. माझ्या मुलीला वाटलं शुभेच्छापत्र आहे. तिनं ते सगळ्या मैत्रिणींसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं."

हे मला ठाऊक नव्हते. मी कसेबसे म्हणालो, "चूक झाली."

"तुम्हीच सभेत सांगता ना, तोंडी बोलण्याला अर्थ नसतो? मग लेखी द्या." दार बंद झाले, आपटले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला माफीनामा लिहिला. चार परिच्छेद. ध्वनिमर्यादेची पार्श्वभूमी, माझे वय, काचांची अवस्था, सारे आले होते. दाविदने उशीला टेकून ते वाचले, पेन्सिल मागितली आणि पहिले तीन परिच्छेद उभ्या रेघेने कापले. चौथ्यातले एक वाक्य ठेवले: तुझ्या वाढदिवशी मी ते पत्र पाठवायला नको होते. "बाकी सगळी तू स्वतःचीच वकिली केलीस. आणि हे आईला नको, मुलीला लिही. पत्र तिनं वाचलं होतं." मी ते स्वच्छ अक्षरात उतरवले आणि जिना चढून मुलीच्या हातात दिले. तिने ते तिथेच, दारात, मोठ्याने वाचले.

संध्याकाळी म्हात्रे सोळावी संमती घेऊन आले. पवारबाईंच्या सहीखाली मुलीने आपलेही नाव लिहिले होते. नऊ वर्षांच्या व्यक्तीची संमती कायद्याने ग्राह्य नसते. मी ती ग्राह्य धरली.

शनिवारी सातच्या सुमारास गाणारे आले. दाविद गॅलरीत, माकडटोपी आणि शाल, शेजारी वहिनी. सह्या दिलेले जवळजवळ सगळेच खाली उतरले होते, कारण परवानगी दिली ती कशाला हे त्यांनाही पाहायचे होते. किशनभाईंना एकाही गाण्याचे शब्द येत नव्हते आणि सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. ढोलकीवाला संकोचून हलकी थाप देऊ लागला, तशी वरून हाक आली, "अरे जोरात वाजव! आमच्या वकिलानं सोळा चपला झिजवून परवानगी आणली आहे!" पवारबाईसुद्धा हसल्या. तो वरून टाळ्या वाजवीत राहिला, बेताल, आणि खालची सारी इमारत हळूहळू त्याच्या चुकीच्या तालावर आली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

त्यानंतरच्या सभेत मी माझा नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. त्याला विरोध केला पवारबाईंनी. "नियम राहू द्या," त्या म्हणाल्या. "फक्त 'लेखी' काढून टाका. ज्याला कार्यक्रम करायचाय त्याने स्वतः प्रत्येक दारी जाऊन विचारायचं, आणि घरच्यांनी तोंडी हो म्हणायचं." दुरुस्ती मंजूर झाली. मसुदा म्हणून तो ढिसाळ आहे, याची मी सभेत नोंद केली आणि बाजूने मत दिले.

गेल्या रविवारी दाविदच्या स्मरणार्थ आवारात प्रार्थनासभा झाली. तिच्या आदल्या आठवड्यात मार्थावहिनी साऱ्या इमारतीत फिरल्या. शेवटी माझी घंटी वाजली. खुर्च्या मीच ठरवल्या होत्या, मंडपवाल्याशी मीच भांडलो होतो, त्यांच्या घरून चहा पिऊन मी अर्ध्या तासापूर्वीच वर आलो होतो. तरी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"भाऊ, रविवारी खाली यांच्यासाठी प्रार्थना ठेवतोय. तुमची परवानगी आहे ना?"

मी मान हलवली.

"मान नाही चालत," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसल्या. "तोंडी म्हणजे तोंडी. बोला."